कापसाच्या रानातले संसार



अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीला अगदी लागून, इम्पीरियल व्हॅली नावाचा एक सखल मुलूख आहे. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. उन्हाळ्यात तेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि पाऊस जवळजवळ नाहीच. मूळचे ते वाळवंट. १९०१ साली कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने तेथे आणले गेले आणि थोड्याच वर्षांत त्या वाळूत कापूस, खरबुजे आणि भाजीपाला पिकू लागला. पाणी पाटाने आले. त्यामागोमाग मजूर आले.

त्या जिल्ह्याच्या कचेरीतील १९१६ नंतरच्या विवाहनोंदी ज्यांनी चाळल्या, त्यांना एका विशिष्ट प्रकारच्या जोड्या पुन्हापुन्हा आढळल्या. वराचे आडनाव सिंग, खान किंवा राम. वधूचे नाव मरिया, रोसा किंवा असेच काही. वर पंजाबातील जालंधर-होशियारपूरकडचा; वधू मेक्सिकोत किंवा सरहद्दीच्या अलीकडे मेक्सिकन घरात जन्मलेली. परवान्याच्या अर्जात वर्णाचा एक रकाना असे. त्यात दोघांपुढे 'तपकिरी' असा एकच शब्द पडला, की काम भागत असे.

कॅरन लेनर्ड या अमेरिकन विदुषींनी कॅलिफोर्नियातील पंजाबी पुरुषांच्या ३७८ संसारांचा माग काढला आणि १९९२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या संसारांतील दर दहा स्त्रियांपैकी आठ मेक्सिकन वंशाच्या होत्या. एक हिंदुस्थानातला, दुसरी मेक्सिकोची, आणि संसार मांडला तो तिसऱ्याच्या देशात. दोघांचीही भाषा तेथे चालत नव्हती. अशा कुटुंबांनी परक्या मुलखात आपले बस्तान कसे बसवले, हा आजचा विषय आहे.

मी पंडित नव्हे. माझे आयुष्य कारखान्यांच्या दारांत पत्रके वाटण्यात आणि कराराची कलमे घासाघीस करून मिळवण्यात गेले. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, रात्रपाळीच्या मधल्या वेळात. म्हणून या कुटुंबांकडे मी कामाच्या बाजूने पाहणार आहे. मिश्र संसारांच्या गोष्टी सांगताना आपण बहुधा प्रेम, पोशाख आणि पदार्थ यांवर भर देतो. ते सारे खरे असते. परंतु घराची घडण पुष्कळदा घराबाहेर ठरत असते. हजेरीच्या वहीत कोणाचे नाव घ्यायचे, जमिनीच्या कागदावर कोणाची सही चालायची, परवाना कोणाला द्यायचा, या तीन ठिकाणी माणसाला जी वागणूक मिळते, तिच्यावरून त्याच्या घराचा आकार ठरतो. कॅलिफोर्नियातील ही कुटुंबे याचे चोख उदाहरण आहेत.

प्रथम पुरुषांकडे वळू. १८९९ ते १९१४ या काळात सहा-सात हजार पंजाबी पुरुष उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. बहुतेक शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू. पण अमेरिकन माणसाच्या लेखी ते सगळेच 'हिंदू'. त्यांतले पुष्कळसे इंग्रजांच्या पलटणीत नोकरी केलेले, तर बाकीचे तुकड्यातुकड्यांनी वाटल्या गेलेल्या जमिनींचे धनी. चार पैसे गाठीला बांधून परत जायचे, गहाण पडलेले शेत सोडवायचे, हा सर्वांचा बेत. म्हणून बायकामुले गावीच राहिली. लाकडाच्या गिरण्या, रेल्वेचे रूळ, फळबागा, बीटाची शेते, जेथे काम मिळाले तेथे ते टोळीने गेले. टोळीत इंग्रजी जाणणारा एक असे. तोच मुकादम, तोच दुभाषा आणि तोच हिशेबनीस.

त्यांचे स्वागत कसे झाले ? ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्या लोकांचा जमाव लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाब्यांच्या वस्तीवर चालून गेला. माणसांना बिछान्यातून ओढून बाहेर काढले. काही दिवसांत गावात एकही हिंदी मजूर उरला नाही. जमावात गिरणी-कामगार पुष्कळ होते. त्याआधी १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोत जपानी आणि कोरियन मजुरांना बंदी करावी म्हणून एक संघ निघाला होता. १९०७ साली त्याने आपले नाव 'एशियाटिक एक्स्क्लूजन लीग' असे विस्तृत केले आणि हिंदी मजुरांनाही आपल्या यादीत घेतले. हा संघ कोणी काढला ? भांडवलदारांनी नव्हे. तो कामगार संघटनांच्या प्रतिनिधींनी काढला होता. संघटनेचा माणूस म्हणून मला हे वाक्य उच्चारताना आनंद होत नाही, पण इतिहासाच्या हिशेबात खाडाखोड करता येत नाही.

त्यांचा युक्तिवाद आपल्याही कानांना परिचयाचा आहे. बाहेरचा माणूस कमी मजुरीत राबतो, एका खोलीत दहाजण राहतो, आणि त्यामुळे आमचा दर पडतो. दर पडतो हे खोटे नव्हते. परंतु दर पाडतो कोण, राबणारा की राबवणारा, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो विचारणारी माणसेही त्याच राज्यात होती. १९०३ सालच्या फेब्रुवारीत ऑक्सनार्ड या गावी बीटाच्या शेतांत काम करणाऱ्या जपानी आणि मेक्सिकन मजुरांनी एक समाईक संघटना बांधली. तिचे सुमारे बाराशे सभासद झाले. सभेत भाषण एका भाषेत होई आणि दुभाष्यामार्फत दुसऱ्या गटाला समजावले जाई. ठेकेदारांनी पाडलेला दर त्यांनी संपाने परत मिळवला. एका मेक्सिकन मजुराचा त्यात गोळीने प्राण गेला. विजयानंतर त्यांनी अमेरिकन कामगार महासंघाकडे मान्यता मागितली. महासंघाचे अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स यांनी ती देऊ केली, पण एका अटीवर : चिनी आणि जपानी सभासद घ्यायचे नाहीत. संघटनेचे चिटणीस लिझारास हे मेक्सिकन होते. त्यांना व त्यांच्या लोकांना मान्यता मिळतच होती. त्यांनी ती घेतली नाही. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उपास काढले, त्यांना वगळून आम्हाला काही नको, असे त्यांनी कळवले. पुढे ती संघटना टिकली नाही. पण शेतातल्या सोबतीतून दोन परके लोक एकमेकांचे कसे होतात, याचा तो दाखला आहे. आणि आपले पंजाबी-मेक्सिकन संसार हे त्याच मातीतले पीक आहे.

आता कायद्याच्या भिंती पाहू. त्या एकदम उभ्या राहिल्या नाहीत. एकेक करून चढल्या. १९१३ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला, की ज्या परदेशीयांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, आणि खंडानेही तीन वर्षांहून जास्त ठेवता येणार नाही. १९२० साली खंडाचीही वाट बंद केली. १९१७ साली मध्यवर्ती सरकारने आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार लावले, त्यात हिंदुस्थान आला. म्हणजे जो आत होता, तो एकदा मायदेशी गेला की परत येण्याची शाश्वती नाही, आणि बायकोला बोलावून घेणे तर जवळजवळ अशक्यच.

राहिला प्रश्न नागरिकत्वाचा. कायदा म्हणे, 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीला' नागरिक होता येईल. काही हिंदी लोकांनी वंशशास्त्राची पुस्तके पुढे करून, आम्ही कॉकेशियन वंशाचे आहोत असे म्हणत नागरिकत्व मिळवलेही होते. भगतसिंग थिंड हे अमृतसरकडचे गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९२२ साली याच न्यायालयाने एका जपानी अर्जदाराला सांगितले होते, की गोरा म्हणजे कॉकेशियन, आणि तुम्ही तसे नाही. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, त्याने थिंड यांना सांगितले, की कॉकेशियन असाल, पण सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तसे तुम्ही नाही. एकाला पंडितांचे माप, दुसऱ्याला बाजारातले, दोघेही बाहेर. थिंड यांना पुढे १९३६ साली, माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्यान्वये, नागरिकत्व मिळाले. इतर पुष्कळांचे मात्र या निकालानंतर काढून घेण्यात आले.

या भिंतींच्या आत, इम्पीरियल व्हॅलीत, चार-चार पाच-पाच पंजाबी भागीदारीत जमीन खंडाने घेऊन कापूस पिकवत होते. कापूस वेचायला माणसे लागतात. ती सरहद्दीपलीकडून येत होती. १९१० साली मेक्सिकोत क्रांतीचा वणवा पेटला आणि दहा वर्षे धुमसत राहिला. विधवा झालेल्या बाया, पोरक्या मुली, मोडलेली घरे उत्तरेकडे निघाली. कापूसवेचणीला कुटुंबेच्या कुटुंबे लागत : आई, मोठ्या मुली, लहान भावंडे. पंजाबी खंडकरी आणि मेक्सिकन वेचणारी, यांची गाठ पडली ती अशी, गोण्या मोजताना.

पहिली लग्ने १९१६-१७ च्या सुमाराची. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात गोऱ्यांनी निग्रोंशी आणि 'मंगोलियनांशी' विवाह करण्यास बंदी होती. त्या यादीत 'हिंदू' हा शब्द नव्हता. मेक्सिकन माणूस कागदोपत्री गोरा आणि व्यवहारात काळा. तेव्हा परवाना द्यायचा की नाही, हे कचेरीतल्या कारकुनाच्या नजरेवर अवलंबून राही. पुरुष पंजाबी आणि स्त्री गोऱ्या कातडीची दिसली, की नकार मिळण्याचा संभव. मग ती जोडी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा पलीकडच्या ॲरिझोनात जाई. दोघेही सावळे असले, की कारकुनाला हरकत नसे. त्याच्या दृष्टीने खालचे दोन लोक एकत्र येत होते. त्यात त्याचे काय गेले? विवाहाचे हे निर्बंध राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली रद्द ठरवले, तोवर या संसारांतली मुले लग्नाच्या वयाला आली होती.

येथे एका प्रवादाचा परामर्श घेतला पाहिजे. पंजाब्यांनी मेक्सिकन बायका केल्या त्या जमीन बायकोच्या नावावर करता यावी म्हणून, असे त्या मुलखात सर्रास बोलले जाई आणि अजूनही लिहिले जाते. सनावळी तपासली तर हे टिकत नाही. लग्ने सुरू झाली तेव्हा खंडाची शेती कायदेशीर होती, आणि हिंदी लोक नागरिकत्वाला अपात्र आहेत हे ठरायला अजून सहा-सात वर्षे होती. ते ठरले तोवर १९२२ चा 'केबल कायदा' झाला होता. त्या कायद्याने, नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परदेशीयाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचेच नागरिकत्व जाई. आणि अशा पुरुषाची बायको परदेशी असेल, तर तिलाही लग्न टिकून आहे तोवर नागरिक होता येत नसे. हे कलम १९३१ साली सैल झाले. म्हणजे ज्या काळात जमिनीची अडचण सर्वांत मोठी, त्याच काळात बायकोच्या नावाचा उपयोग सर्वांत कमी. गरिबाचे लग्न झाले, की त्यात काहीतरी डाव असला पाहिजे, ही समजूत मात्र कोणत्याही देशात लवकर मरत नाही.

जमिनीची वाट निघाली ती मुलांमुळे. अमेरिकेत जन्मलेले मूल जन्माने नागरिक. १९२२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जपानी कुटुंबाच्या खटल्यात निकाल दिला, की मुलाच्या नावे असलेल्या जमिनीचा पालक म्हणून बाप काम पाहू शकतो. पुढे पंजाबी बापांनी हा मार्ग धरला. त्यापूर्वी आणि त्याबरोबरही, कोणी तरी भरवशाचा गोरा शेतकरी, वकील किंवा पतपेढीवाला यांच्या नावाने कागद होई आणि खरा व्यवहार तोंडी चाले. पाळण्यातल्या पोराच्या नावावर चाळीस-पन्नास एकर आणि राबणारा बाप कागदावर कोणीच नाही, अशी ती तऱ्हा. बापाने मुलाचे नाव कचेरीत शुद्ध लिहून घेतले पाहिजे, हा तेथे शेतीचाच एक भाग होऊन बसला.

आता घरात जाऊ. भाषा कोणती ? पुरुष शेतात मेक्सिकन मजुरांकडून स्पॅनिश शिकलेच होते. तीच घराची भाषा झाली. मघारचा मिगेल झाला, इंदरचा आंद्रेस झाला. मुलांना शाळेत इंग्रजी मिळाली. पंजाबी राहिली ती पुरुषांच्या आपसांतल्या गप्पांत. मातृभाषा ही खरोखरच मातेची भाषा असते; बापाची भाषा टिकवायला घरात दुसरी बाई लागते, आणि त्या घरांत पंजाबी बाई नव्हती.

स्वयंपाकघरात मात्र तडजोड सोपी गेली. मेक्सिकन बाई टॉर्टिया थापत होती, तव्यासारख्या लोखंडावर भाजत होती. तिला रोटी परकी वाटली नाही. मिरचीचा तिखटपणा दोघांनाही हवा. मसाल्याची भाजी, कोंबडीचा रस्सा हे प्रकार तिने नवऱ्याकडून आणि त्याच्या भागीदारांकडून शिकून घेतले. युबा सिटी या गावी अशाच एका कुटुंबाने १९५४ साली 'एल रँचेरो' नावाचे उपाहारगृह काढले. त्यात रोटीवर चीज घालून मेक्सिकन धर्तीचा पदार्थ मिळे. ते १९९३ पर्यंत चालले.

धर्माचे कसे जमले ? आई कॅथलिक, म्हणून मुलांचा बाप्तिस्मा बहुधा झाला. बाप शीख किंवा मुसलमान. त्याने आडकाठी केली नाही. देव एकच, वाटा निराळ्या, हे उत्तर बहुतेक घरांत चाले. वर्षातून एकदा-दोनदा मंडळी स्टॉकटनच्या गुरुद्वारात जात. १९१२ साली स्थापन झालेला तो अमेरिकेतील पहिला गुरुद्वारा. पण तेथे यात्रेइतकीच राजकारणाची गर्दी असे. याहून मोठी गोष्ट म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्म-आईबापांची. मेक्सिकन चालीप्रमाणे मुलाला एक धर्मपिता आणि एक धर्ममाता लागते, आणि मुलाचे आईबाप व ही जोडी यांच्यात आपल्याकडच्या व्याही-विहिणींसारखे कायमचे नाते जडते. या घरांनी धर्मपिता निवडला तो दुसरा पंजाबी भागीदार, धर्ममाता त्याची मेक्सिकन बायको. शिखाच्या मुलाचा धर्मपिता मुसलमान आणि मुसलमानाच्या मुलीचा शीख, दोघांचीही नावे पाद्रीबुवांनी आपल्या वहीत स्पॅनिश वळणाने लिहिलेली. ज्यांचे सख्खे भाऊ हजारो कोसांवर राहिले, त्यांनी परक्या धर्माच्या विधीतून भाऊ मिळवले. बायकांच्या बाजूने हे काम आणखी सोपे होते. एका बहिणीचे लग्न एका भागीदाराशी झाले, की दुसरीचे दुसऱ्याशी. कधी आई आणि मुलगी दोघींचीही.

हे चित्र गोड करून दाखवण्याचा मात्र माझा हेतू नाही. नवरा चाळिशीचा आणि बायको विशीची, हे नेहमीचे. त्याच्या घरात त्याचे दोन-तीन भागीदारही राहत. सगळ्यांचे रांधणे, धुणे तिच्याच माथी. ते आपापल्या वाट्याचे पैसे देत असत, पण तिच्या श्रमाचा आकडा कोणत्याच भागीदारीच्या वहीत आला नाही. बायकोने बाजारात एकटीने जावे की नाही, नाचाच्या कार्यक्रमाला जावे की नाही, यावरून खटके उडत. त्या मुलखात घटस्फोट मिळत असे, आणि या बायकांनी तो पुष्कळ वेळा मागितला. काही पुरुषांची पंजाबात आधीची बायको होती, ही गोष्ट कधी उशिरा कळे. उलट बाजूने, आपल्या बायका परक्यांनी नेल्या म्हणून मेक्सिकन पुरुषांनीही सुरुवातीला दंगे केले. मुलांना शाळेत गोरी मुले मेक्सिकन समजत आणि मेक्सिकन मुले 'हिंदू' म्हणून चिडवत. इतके असूनही यांतले बहुसंख्य संसार टिकले, आणि ते टिकले यात जास्त वाटा बायकांचा होता.

या कुटुंबांच्या मागच्या खोलीत आणखी एक गोष्ट चालू होती. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत 'गदर' पत्राचा पहिला अंक निघाला. त्या पक्षाचे अध्यक्ष सोहनसिंग भकना हे लाकडाच्या गिरणीतले मजूर होते. अमेरिकेतून परत येऊन लाहोरच्या तुरुंगात १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फाशी गेलेले विष्णु गणेश पिंगळे हे पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथले. आणि त्याच चळवळीत अगदी आरंभापासून असलेले दुसरे मराठी गृहस्थ म्हणजे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. त्यांची थोडी हकिगत येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही, कारण त्यांचेही कुटुंब मिश्र होते आणि तेही मेक्सिकोतच उभे राहिले.

खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूला लढले, आणि हिंदुस्थानचे दार बंद असल्यामुळे १९२४ साली मेक्सिकोत पोचले. त्या देशाने या माणसाचा वर्ण विचारला नाही. शेतीतले काय येते ते विचारले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले, मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतीवर, भाकरी वाटून घेणाऱ्यांच्या चित्रात, त्यांचा चेहरा रंगवला आहे. १९३६ साली त्यांनी जाँ सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. सावित्री आणि माया या दोन मुली मेक्सिकोत जन्मल्या. स्वातंत्र्यानंतर हे कुटुंब नागपुरास येऊन राहिले. खानखोजे १९६७ साली तेथेच वारले. तेव्हा वाळवंटातल्या पंजाबी घराने जो प्रवास एका दिशेने केला, तो विदर्भातल्या या घराने उलट दिशेने केला : बेल्जियन आई आणि मेक्सिकोत वाढलेल्या मुली यांना नवा देश होता तो आपला.

दोन्हींतला फरक ध्यानात घ्यावा. खानखोजे विद्वान होते हे खरे. पण मेक्सिकोने त्यांना विद्यालयात उभे राहू दिले म्हणून ती विद्या कामी आली. दलीपसिंग सौंद यांची गोष्ट याच्या उलट. १९२० साली ते कॅलिफोर्नियात आले, बर्कलीच्या विद्यापीठात गणित घेऊन १९२४ साली डॉक्टर झाले. नागरिक होण्याचा हक्क नाही, म्हणून बरे पद मिळण्याची आशा नाही. तेव्हा इम्पीरियल व्हॅलीत वेस्टमॉरलंड येथे शेती करू लागले. त्यांची पत्नी मारियन चेक आईबापांची अमेरिकन मुलगी. २ जुलै १९४६ रोजी लूस-सेलर कायदा झाला. हिंदी लोकांना नागरिक होता येऊ लागले आणि वर्षाला शंभरजणांना आत येण्याची मुभा मिळाली. हा कायदा व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत सौंद होते. १९४९ साली ते नागरिक झाले, १९५२ साली गावचे न्यायाधीश, आणि १९५६ साली त्याच वाळवंटी मतदारसंघातून अमेरिकन काँग्रेसचे सभासद निवडून आले. आशियात जन्मलेला तो पहिला सभासद. माणूस तोच आणि विद्याही तीच. बदलले ते फक्त कायद्याचे एक कलम. त्याच १९५६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी परकीयांच्या जमिनीचा कायदाही रद्द केला.

दार उघडले, आणि गंमत अशी, की त्यामुळेच या मिश्र संसारांची पिढी शेवटची ठरली. म्हातारे झालेले पुरुष तीस-चाळीस वर्षांनी गावी जाऊन आले. कोणी पुतण्याला आणले, कोणी पहिल्या बायकोला. वारसाचे वाद कचेरीत गेले. १९४७ च्या फाळणीने, आजवर एकाच 'हिंदू' नावाखाली वावरलेल्या भागीदारांना शीख आणि पाकिस्तानी अशी निराळी नावे दिली. ज्या मुलांचे धर्मपिते पलीकडच्या धर्माचे होते, त्यांना हा फरक नव्याने शिकावा लागला. १९६५ चा नवा आगमन-कायदा झाल्यावर पंजाबातून सहकुटुंब मंडळी मोठ्या संख्येने येऊ लागली. त्यांना सिंग आडनावाची, स्पॅनिश बोलणारी, चर्चमध्ये जाणारी ही माणसे आपली वाटली नाहीत. ज्यांच्या बापांनी देणगी देऊन गुरुद्वारे उभारले, त्यांच्याकडे तेथे पाहुण्यासारखे पाहिले जाऊ लागले. मग या मुलांनी १९७४ साली युबा सिटीत नाताळच्या सुमारास आपला स्वतःचा जुन्या मंडळींचा मेळावा आणि नाच सुरू केला. आपण मेक्सिकन की पंजाबी, हे तेथे कोणी विचारत नसे. ती मुले स्वतःला अभिमानाने 'हिंदू' म्हणवीत : शिव्यांसारखा वापरलेला तोच शब्द, त्यांनी आडनावासारखा लावून घेतला होता.

या साऱ्या हकिगतीतून मला जे उमगले ते थोडक्यात सांगतो. परक्या देशात दोन निराळ्या चालींची माणसे एका चुलीपाशी बसली, तर भाषा, भाकरी आणि देव यांचा निकाल ती आपसांत लावतात. त्याला फार तर एक पिढी लागते. वेळ लागतो तो बाहेरच्या दाराला. १९१३ पासून १९५६ पर्यंत त्रेचाळीस वर्षे जमिनीचा एक कायदा उभा राहिला. त्याला बळ देणाऱ्यांत मोठे बागाईतदार होतेच असे नाही. त्यांना तर स्वस्त, हक्क नसलेला मजूर हवाच होता. बळ दिले ते पुष्कळदा ज्यांना आपली मजुरी जपायची होती त्यांनी. त्यांची मजुरी त्यामुळे वाढली का ? हक्क नसलेला माणूस बाजारात तसाच राहिला. फक्त तो संघटनेच्या बाहेर राहिला, आणि बाहेरचा माणूस हेच मालकाचे सर्वांत मोठे हत्यार असते. कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांना हे उमगायला फार काळ लागला. १९६५ साली डेलानोच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला आणि सेसर चावेझ यांच्या नेतृत्वाखालचे मेक्सिकन मजूर आठवड्याभरात त्यात सामील झाले. तेव्हा कोठे ऑक्सनार्डच्या चिटणिसाने बासष्ट वर्षांपूर्वी जे सांगितले होते, ते पुन्हा अमलात आले.

आपल्या गावच्या औद्योगिक वसाहतींतही आज परप्रांतांतून आलेली माणसे ठेक्यावर राबतात. मी गेटवर उभा राहतो तेव्हा पहिला प्रश्न पुष्कळदा येतो तो माणूस कुठला, हा. त्याला हजेरी किती पडते, हा प्रश्न मागाहून येतो. क्रम उलटा करावा, एवढीच विनंती आहे. त्या माणसांपैकी काही येथेच घरे करतील, काहींचे संसार आपल्या मुलींशी आणि मुलांशी होतील, आणि त्यांच्या घरात काय शिजवायचे ते त्यांची ती पाहून घेतील. त्यांच्या पगाराची पावती, रेशनचे कार्ड आणि खोलीचा करार यांवर त्यांचे नाव शुद्ध लिहिले जाते की नाही, एवढे मात्र आपण पाहिले पाहिजे.